शरयूमावशींचा बुटकोबा

शरयूमावशींशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या तोंडातल्या टाचण्या संपण्याची वाट पाहावी लागे. आरशासमोर गिऱ्हाईक उभं, मावशी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, ओठांत टाचण्यांची रांग आणि पुढ्यात एखाद्या टेक्सन नवरीच्या झग्याचा भलामोठा घेर. अशा वेळी कुणी काही विचारलं तर त्या नुसत्या भुवया उडवत. उजवी भुवई म्हणजे हो. डावी म्हणजे नाही. आणि दोन्ही एकदम वर गेल्या तर ‘थांब, हातातलं होऊ दे, मग बघते तुझ्याकडे.’

ह्यूस्टनहून शुगर लँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोनटचं दुकान आणि टॅक्सचे कागद भरून देणाऱ्याचं ऑफिस यांच्यामध्ये त्यांचं शिवणाचं दुकान होतं. पाटीवर ‘शरयूज आल्टरेशन्स’ असं लिहिलेलं असलं तरी गिऱ्हाइकांनी त्यांना ‘मिस शेरी’ करून टाकलं होतं. मावशींनी कधी हरकत घेतली नाही. “माझं नाव त्यांनी आल्टर केलं आणि बिल लावलं नाही. आपण कशाला कुरकुर करायची?” असं म्हणत.

मावशी माझ्या आईच्या शाळासोबती. एम.ए.साठी ह्यूस्टनला आले तेव्हा मी त्यांच्याच घरी राहिले, त्यामुळे हे सगळं मला अगदी जवळून पाहायला मिळालं. घरात तिघं होती. मावशी कऱ्हाडच्या, बोलणं तुकडा पाडून. त्यांचे यजमान जगन्नाथकाका पुण्याचे, तेलाच्या विहिरी खणायची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीयर. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी आणि मनात कायम एक टॉलरन्स. अमुक इतकं इकडेतिकडे चालेल, त्यापुढे नाही. आणि सतरा वर्षांची लेक सुमेधा. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तरं इंग्रजीत सुटायची.

तो शहाऐंशीचा उन्हाळा होता. तेलाचे भाव कोसळले होते. काकांच्या ऑफिसात रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं आणि मावशींच्या ओळीतली दुकानंही एकेक करून काचेला खाकी कागद चिकटवून झोपी जात होती. पार्किंगच्या डांबरातून उन्हाच्या वाफा निघत. दुपारी त्या ओळीत डोनटवाला आणि मावशी एवढीच माणसं उरत, आणि डोनटवाला एक वाजता घरी जाई.

अशाच एका दुपारी एक माणूस आत आला. मावशी एकट्या होत्या. पुतळ्यावर पीच रंगाचा झगा चढवलेला, तोंडात टाचण्या. त्या माणसाच्या हातात काहीतरी टोकदार होतं. चाकू होता की स्क्रू ड्रायव्हर, ते मावशींना नंतर आठवेना. पैसे कुठे आहेत, असं त्यानं विचारलं. मावशींच्या दोन्ही भुवया वर गेल्या. त्याला ती भाषा येत नसावी. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कपाटावरची पितळी कडीची, कुलूप घातलेली पेटी उचलली आणि पळाला. गल्ल्याला हातही लावला नाही.

पेटीत बटणं होती. कऱ्हाडहून आणलेली शिंपल्याची बटणं, वडिलांच्या कोटाची शिंगाची बटणं, कुणाकुणाच्या पोलक्यांची कचकड्याची फुलं. लहानपणी सुमेधानं त्यातलं एक गिळलं होतं, तेव्हापासून पेटीला कुलूप लागलं ते कायमचं.

“मेल्याला निदान काज करता येवो,” संध्याकाळी ताटं वाढताना मावशी म्हणाल्या आणि आम्ही हसलो.

काका हसले नाहीत. बातमी कळल्यावर ऑफिसातून ते थेट दुकानात गेले होते, तेव्हा मावशी मशीनच्या सुईत दोरा ओवत बसल्या होत्या. दोरा सुईच्या नेढ्याभोवती नुसता घुटमळत होता. डोळे मिटून दोरा ओवणारी बाई ती. काका दारातच थांबून बघत राहिले होते. त्यांनी ते मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “दिवाळीच्या सुमारास लीज संपतेय. रिन्यू करायची नाही.”

“का?”

“का म्हणजे? चोर आला होता, शरयू.”

“बटणचोर होता.”

“पुढचा बटणचोर नसेल. इथे घरी शिव. गॅरेजमध्ये मशीन टाकू, मी एसी बसवून देतो.”

“गॅरेजमध्ये नवऱ्या येतात का हो? लॉनमोअरशेजारी उभ्या राहून झगा घालून बघायला?”

काकांनी आमटीत भात कालवला. विषय संपला असं त्यांना वाटलं असावं. मावशींना तसं वाटलं नव्हतं, हे त्यांनी पोळी ज्या ताकदीनं तव्यावर टाकली त्यावरून मला कळलं. त्या दुकानात त्यांचा आरसा होता, त्यांच्या मापाचं टेबल होतं. लाजऱ्या, घामेजल्या, जाडेपणावरून रडवेल्या झालेल्या पोरी त्या आरशासमोर उभ्या राहत आणि जाताना खांदे सरळ करून जात. घरात मावशी कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई होत्या. तिथे त्या मिस शेरी होत्या.

दुसऱ्या दिवशी वँडा आली. वँडा साठीची, विधवा, ठेंगणी, रुपेरी केसांचा मोठा बुचडा. तिचं शहराबाहेर बंदुकांचं दुकान होतं आणि मागच्या अंगाला नेम धरायची बंदिस्त रेंज. जीन्स तिला कायम लांब होत, म्हणून ती मावशींची जुनी गिऱ्हाईक. चोरीची बातमी ऐकून तिनं कॉफीची बरणी भरून बटणं आणली होती, ओळखीपाळखीत फिरून गोळा केलेली. बरणी टेबलावर ठेवून ती म्हणाली, “हनी, तुला एक आखूड नाकाचं लागेल.”

“काय आखूड नाकाचं?”

“रिव्हॉल्व्हर.”

रात्रीच्या जेवणाला मावशींनी ही कल्पना ताटात वाढली. सुमेधाचा चमचा हवेतच थांबला. “ओ माय गॉड. आई, यू कान्ट इव्हन किल अ कॉक्रोच!”

“झुरळ मला दुकान बंद करायला सांगत नाही,” मावशी म्हणाल्या.

काका पाणी प्यायले. मग एखादं टेंडर वाचावं तशा आवाजात ते म्हणाले, “घेणं सोपं आहे. लागणार कुठे ते? हे बघ, मी एका कागदावर वर्तुळ काढून देतो. सात यार्डांवरून पाचांतल्या चार गोळ्या त्याच्या आत मारून दाखव. लीजवर मी स्वतः सही करीन. दसऱ्यापर्यंत मुदत. नाहीतर गॅरेज.”

बायको हसेल, हात झटकेल आणि विषय मिटेल, असा त्यांचा हिशोब होता. मावशींच्या तोंडात त्या वेळी एकही टाचणी नव्हती. तरी त्यांनी नुसती उजवी भुवई उडवली.

वँडाच्या दुकानात मी मावशींबरोबर गेले. भिंतीवर हरणांची शिंगं, काउंटरवर हिरव्या बनातीचं जाड कापड. वँडानं आधी एक मोत्यासारख्या मुठीचं नाजूक पिस्तूल पुढे केलं. बायका हेच नेतात, म्हणाली.

“हे मुंजीत आहेर करायला बरं आहे,” मावशी मला मराठीत म्हणाल्या आणि वँडाला इंग्रजीत, “दुसरं दाखव.”

मग बनातीवर चार आखूड नळीची रिव्हॉल्व्हरं मांडली गेली. मावशींनी ती पाहिली तशी रिव्हॉल्व्हरं कुणी पाहत नसेल. कापड बघावं तशी. आधी उलट बाजू. मग कडा. जोडावरून अंगठ्याचं नख फिरवून. एक जड म्हणून बाजूला, एकाची मूठ त्यांच्या हाताला मोठी म्हणून बाजूला. तिसरं चकचकीत, देखणं; वँडाच्या मते अगदी योग्य. मावशींनी ते रिकामं आहे ना, हे वँडाला दोनदा विचारलं, कमरेपाशी धरलं, त्यावर पदर सोडला आणि एकदम बाहेर काढलं. मागचा घोडा पदराच्या जरीत अडकला. रिव्हॉल्व्हर आलं, त्याच्यामागून पदर आला, आणि पदरामागून मावशी अर्धी गिरकी घेऊन आल्या.

“हे चोराला साडी नेसवेल,” त्या म्हणाल्या. “ज्याचा घोडा बाहेर नसतो असं काही आहे का?”

वँडानं त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. मग खालच्या खणातून एक जुनं, वापरलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. दोन इंची नळी, पाच गोळ्यांचं. घोडा आतल्या आत झाकलेला, पाठ गुळगुळीत गोल. कडांवरचा काळा रंग उडून खालचं पोलाद दिसत होतं. मावशींनी पदराखालून ते काढलं. पदर जागच्या जागी राहिला.

“जुनं आहे,” वँडा म्हणाली.

“कात्रीसुद्धा जुनीच बरी. कुणाच्या तरी हाताला आलेली असते.” मावशींनी ते तळव्यावर तोलून पाहिलं. “बघ गं, कसं बसलंय. बुटकोबा.”

नाव तिथेच पडलं.

पुढे दर बुधवारी संध्याकाळी मावशी रेंजवर जायला लागल्या. कानांवर मोठे गोल डबे, डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. शिकायची त्यांची पद्धत स्वतःची होती. गोळ्यांचं गोल चाक म्हणजे बॉबिन. चाक बाहेर काढून पुढची दांडी दाबली की मागून जी पाकळ्यांची चकती उचलली जाते आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलते, ती चांदणी. चाप ओढायचा कसा? “मशीनचं पायडल पहिल्यांदा दाबतो तसा. दचका नाही. टाका पडायच्या आधी टाका पडणार हे हाताला कळलं पाहिजे.” वँडानं हे वाक्य आपल्या शिकवणीत घेतलं, असं ती नंतर सांगे. बुटक्या नळीचा नेम मोठा लहरी. पहिल्या महिन्यात मावशींच्या गोळ्या कागदाला टाळून जात. दुसऱ्या महिन्यात कागदाला लागायला लागल्या, पण अंतर ठेवून, नव्या सुनेनं मांडवात बसावं तशा.

वागवायचं कसं, हा निराळाच प्रश्न होता. वँडानं कायदा सांगितलाच होता: दुकान तुझं, तिथे तुझं राज्य, पण दाराबाहेर अंगावर घेऊन हिंडायचं नाही. तेव्हा येता-जाता बुटकोबा रिकामा होऊन स्टीलच्या उभ्या डब्यात बसे आणि डबा गाडीच्या डिकीत. काका मात्र तेव्हापासून ऑफिसात आपला जेवणाचा डबा उघडण्याआधी एकदा हलवून बघायला लागले.

आणि दुकानात? वँडानं कातडी म्यान दिलं, पट्ट्यात अडकवायचं. साडीला पट्टा कुठला! मावशींनी ते परकराच्या नाडीत अडकवलं, तर निऱ्या त्या बाजूनं खाली उतरू लागल्या. घोट्याला बांधून पाहिलं. झग्याच्या घेराला टाचण्या लावायला मांडी घालून बसल्या आणि कळवळून उठल्या. पर्समध्ये ठेवून पाहिलं. सुमेधा चोर झाली, मी गिऱ्हाईक झाले. मावशींच्या पर्समधून आधी किल्ल्या निघाल्या, मग कुंकवाची डबी, टिश्यूचा गठ्ठा, सुपारी, साबणाची दोन कुपनं.

“मॉम, आय हॅव ऑलरेडी लेफ्ट,” चोर म्हणाला. “आय ॲम इन लुईझियाना.”

शेवटी त्यांनी सासूबाईंचा चांदीचा छल्ला काढला. घरभरच्या किल्ल्यांचा जुडगा ज्यात अडकवून जुन्या बायका कमरेला खोचत, तो. परकराला नाडीऐवजी चार बोटं रुंद, दुहेरी पट्टी शिवली. काळ्या चंद्रकळेच्या तुकड्याची एक चंची केली, तिला आतून अस्तर लावलं ते वँडाच्या जीन्सच्या कापलेल्या पायांचं, आणि तोंडाला बरणीतलं एक मोठं बटण; मग बुटकोबासकट ती छल्ल्याला अडकवून कमरेला खोचली. बाहेरच्या अंगाला त्यांनी नेहमीसारख्या टाचण्या टोचून ठेवल्या. गिऱ्हाइकांना ती टाचण्यांची उशीच वाटे. एका पाद्रीबाईंनी तर ती उचलून पाहिली आणि किती भक्कम काम आहे, म्हणून कौतुक केलं.

सप्टेंबर सरता सरता पाचांतल्या तीन गोळ्या वर्तुळात जाऊ लागल्या. कधी चार. कधी दोन. काका विचारत नसत. मात्र बुधवारी ते हटकून दिवाणखान्यात बसलेले असत आणि मावशी आल्या की वर्तमानपत्र उलटं धरत.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. परीक्षा दसऱ्याच्या दुपारी ठरली. वँडानं आमच्यासाठी खास रेंज उघडायचं कबूल केलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मावशींना पूजेला वेळ नव्हता. त्याच संध्याकाळच्या लग्नाची नवरी दोन इंच जाड होऊन आली होती. त्यांनी सकाळी रिकामा बुटकोबा डब्यातून काढला, वँडाच्या शिस्तीप्रमाणे त्याचं चाक उघडं ठेवून देवापुढच्या पाटावर ठेवला, आणि गेल्या.

पूजा काकांनी केली, आणि मन लावून केली. विरोध असला तरी हत्यार घरात आलंय तर त्याचा मान ठेवला पाहिजे, असं त्यांचं मत. पाटावर त्यांनी आपली जुनी स्लाइड रूल मांडली, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, सुमेधाचा कॅल्क्युलेटर, स्वयंपाकघरातली सुरी, माझं पेन. अंगणातल्या झेंडूचं एकेक फूल. हळद, कुंकू. अक्षता करायला तांदळाच्या पोत्यात हात घातला आणि तळातून मूठभर तांदूळ काढले. “शस्त्रांनो, आमचं रक्षण करा,” असं काहीसं पुटपुटून त्यांनी त्या सगळ्यांवर उधळल्या. बुटकोबावर जरा जास्तच.

संध्याकाळी मावशी दमून आल्या. पाटाला नमस्कार केला. “दिवा शांत झाला की पुसून ठेवाल का?” एवढंच म्हणाल्या.

“मी व्यवस्थित साफ करून ठेवतो,” काका म्हणाले, आणि ठेवलाही.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. वँडाची रेंज काउंटीची हद्द ओलांडल्यावर लागे. हद्दीची हिरवी पाटी मागे गेली तसे काका म्हणाले, “चला, सीमोल्लंघन झालं.” आवाजात खेळकरपणा होता, पण गाडीचा वेग त्यांनी कमी केला होता. त्यांच्या मांडीवर कागदाची गुंडाळी होती. वँडाचे छापील कागद त्यांनी नाकारले होते. कॉलेजातल्या कंपासनं, शाईनं, स्वतः वर्तुळ काढलं होतं. रेष केसासारखी.

रेंजवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. वँडानं कागद सात यार्डांवर टांगला. मावशींनी पदर खोचला, बुटकोबात पाच गोळ्या भरल्या, चाक मिटवलं. मिटवताना त्या क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या. मग त्यांनी हात उचलले.

पहिला बार झाला. वर्तुळाच्या आत, जरा वरच्या अंगाला, काळं भोक पडलं. सुमेधानं माझा दंड पिळला.

मावशींनी पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. चाप अर्ध्यावर येऊन थांबला. त्यांनी जोर लावला. चाक फिरेना.

“काय झालं?” काकांनी कानावरचा डबा वर केला.

“फिरत नाही.”

 काका हळू आवाजात म्हणाले, “हे बघ शरयू, म्हणून मी म्हणत होतो. ऐन वेळेला यंत्र दगा देतं. दुकानात असं झालं असतं तर?” त्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. सुटकाही नव्हती पूर्ण. त्यांनी नजर मावशींच्या हातांवर लावली होती. ते हात पुन्हा थरथरतील, याची ते वाट बघत होते. भीत होते, म्हणू या.

मावशींनी नळी समोरच रोखलेली ठेवली. डावी भुवई उडाली. मग अंगठ्यानं चाक रेटून रेटून बाहेर काढलं, गोळ्या एकेक करून काढल्या, चाक उजेडाकडे केलं आणि दांडी दाबून चांदणी उचलली. त्या वाकून पाहत राहिल्या. मग बांगडीतली सेफ्टी पिन काढली, तिथे एक ठेवणीतली असेच, आणि चांदणीच्या पाकळीखालून काहीतरी अलगद उकरून काढलं. ते बोटाच्या टोकावर घेऊन त्या काकांपुढे आल्या.

“हे काय?”

काका चष्मा वर करून बघू लागले. इवलंसं, लालसर पिवळं. “अक्षता आहे.”

“अक्षता नाही. कणी आहे.”

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

“इतक्या वर्षांत मी एक तरी तुटका दाणा घेतला का हो अक्षतांना? निवडून निवडून घेते. आणि तुम्ही पोत्याच्या तळातनं मूठ मारलीत? आणि ती चांदणीखाली गेली कशी? दांडी दाबल्याशिवाय चांदणी उचलतच नाही.”

“मी साफ करत होतो,” काका म्हणाले. कंपनीच्या मीटिंगमध्ये ते असे कधीच बोलले नसतील. “भोकांत तांदूळ गेले होते. ते पाडायला दांडी दाबली. दोन-तीनदा.”

वँडा पुढे झाली. “काय आहे ते?”

“राइस,” सुमेधा म्हणाली. “डॅड प्रेड टू द गन.”

वँडानं कणी पाहिली, काकांकडे पाहिलं. “आम्हीसुद्धा तांदूळ टाकतो,” ती म्हणाली. “पण नवरा-नवरीवर.”

“परीक्षा पुन्हा घ्यायची का?” काकांनी विचारलं. “तशी ती चूक माझी—”

“पुन्हा कशाला? एक गोळी गेलीय आत. चार राहिल्या.” मावशींनी पदराच्या टोकानं चांदणीची बैठक पुसली, फुंकर घातली, चाक फिरवून पाहिलं. ते तेल दिल्यासारखं फिरलं. चार गोळ्या भरून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि मी पाहिलं की काका आता कागदाकडे बघतच नव्हते.

दुसरा बार आत. तिसरा आत, पहिल्याला अगदी खेटून. चौथ्याला काय झालं कुणास ठाऊक. तो वरच्या कोपऱ्यात, वर्तुळापासून लांब जाऊन पडला. मावशींनी श्वास सोडला. पाचवा बार त्यांनी पुष्कळ वेळ धरून ठेवला, पायडलवर पाय ठेवून विचार करावा तसा. मग तो झाला.

वँडानं कळ दाबली आणि कागद तारेवरून झुलत आमच्याकडे आला. तीन भोकं आत. एक बाहेर. आणि पाचवं काकांच्या केसासारख्या रेषेवर.

“आत आहे,” सुमेधा म्हणाली.

“रेषेवर आहे,” मी म्हणाले आणि लगेच पस्तावले.

“शिवण काठावर आली तरी शिवणच असते,” मावशी म्हणाल्या, पण दबक्या आवाजात. दुकानाचा आरसा, टेबल, सगळं त्या भोकाच्या काठावर येऊन बसलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काकांकडे पाहिलंही नाही.

काकांनी कागद काउंटरवर पसरला. खिशातून पोलादी पट्टी काढली. वँडाकडून दिवा मागून घेतला. पट्टी लावली, डोकं इकडून घातलं, तिकडून घातलं, पट्टी फिरवून पुन्हा लावली. त्यांना हवं असतं तर ‘बाहेर’ म्हणता आलं असतं. आम्हां कुणाला ते खोडता आलं नसतं. पण तो माणूस आयुष्यात एकदाही माप खोटं बोलला नव्हता. स्वतःच्या भीतीखातर बोलायचं, तर आज बोलायचं होतं.

त्यांनी पट्टी खिशात ठेवली.

“रेषेच्या आत जास्त आहे,” ते म्हणाले.

“किती?” मावशींनी विचारलं.

“टॉलरन्समध्ये.” मग कागद गुंडाळत, “लीज कुठे आहे? आणलीयस?”

मावशींची डावी भुवई वर गेली. लीज दुकानात होती.

सुमेधानं वँडाच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. आपट्याचं म्हणजे शेजाऱ्यांच्या ऑर्किडच्या झाडाचं. त्याची पानं तशीच जुळी असतात, दर दसऱ्याला आम्ही ती मागून आणत असू. “इट्स गोल्ड,” ती म्हणाली. वँडानं ते दुकानाच्या गल्ल्यावर चिकटपट्टीनं लावलं.

परतताना काका दुकानाशी थांबले. पार्किंग रिकामं, डोनटवाल्याचा दिवा बंद, संध्याकाळचं ऊन काचेतून आत तिरपं आलेलं. मावशींनी कुलूप उघडलं आणि टेबलाचा खण ओढून लीज काढली. काकांनी उभ्याउभ्याच, मशीनच्या फळीवर कागद ठेवून सही केली. सही करता करता त्यांचा हात थांबला. ते मशीनकडे पाहत राहिले.

“शरयू, काल मी स्लाइड रूलची पूजा केली. सुरीची केली. या पोरीच्या पेनाचीसुद्धा केली.”

“मग?”

“हिची राहिली की.”

मावशींनी मशीनकडे पाहिलं. खरंच राहिली होती. दुकानात असल्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी पर्समध्ये हात घातला. किल्ल्या निघाल्या, टिश्यू निघाले, सुपारी निघाली आणि शेवटी कुंकवाची डबी निघाली. काकांनी मशीनच्या काळ्या मानेवर करंगळीनं कुंकू लावलं आणि हात जोडले. मावशी खुर्चीवर बसल्या, सवयीनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईकडे न पाहताच ओवलं. काका ते बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे नजर टाकली.

“इथे तांदूळ असतील का गं थोडे?”

“खबरदार,” मावशी म्हणाल्या.